डिकीतला डबा आणि आप्पांचा तळहात

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा यातला निम्मा नमस्कार उभ्यानेच केलाय असं समज.) भावोजींचं पित्त आणि तुमच्या मजल्यावरचं पाण्यावरून चाललेलं भांडण, दोन्ही एव्हाना शांत झालं असेल अशी आशा आहे. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस.

मागच्या खेपेला तू विचारलंस, आप्पा कसे आहेत. कान पार गेले, हे तुला ठाऊकच आहे. कानाचं यंत्र आणून दिलं, ते त्यांनी शिलाई मशीनच्या खणात रिळांबरोबर ठेवलं. ऐकू येत नाही म्हणून बोलणंही टाकलं. काही सांगायचं तर आम्ही पाटीवर लिहून दाखवतो, ते मान हलवतात, संपलं. यावर तू म्हणालीस, मग मी येऊन तरी काय करू, भिंतीशी बोलल्यासारखं होतं. मला राग आला होता. ते बाजूला ठेवतो, कारण मधल्या काळात मला हवेचं वेड लागलं आणि त्याची हकीगत आधी सांगायला हवी.

झालं असं की, दुकानात एक गिऱ्हाईक सीटा शिवून घ्यायला आलं. त्याच्या डिकीत भलामोठा लाकडी डबा, त्याच्या तोंडावर ताटाएवढा काळा कागदी शंकू. सबवूफर म्हणतात त्याला. गाणी लावली की छातीत धबधब करणारा तो हाच. बायकोने त्याला बजावलं होतं की डिकीत एकतर हा राहील नाहीतर माझ्या बॅगा. तो शहाणा माणूस, डबा आपल्याकडे टाकून गेला. मी तो आपल्या जुन्या गाडीच्या डिकीत बसवायला घेतला, मागून उघडून पाहतो तर आत काही नाही! नुसती पोकळी! ताई, आपण पिढीजात गादीवाले. आतून पोकळ माल देणाऱ्याला आप्पा काय म्हणायचे ते तुला आठवत असेल (पत्रात लिहिण्यासारखं नाही). मी तो डबा कापूस आणि फोमने असा गच्च भरला की वर बसलं तरी दबणार नाही. शंकूच्या तोंडाला रेक्झिन ताणून चार बटणंही मारली. अगदी देखणा झाला. चालू केला, तर डबा मुका!

शेजारी गाड्यांचं वायरिंग करणारा आपला शॉर्टसर्किट आहे ना, तो हसून हसून फुटपाथवर बसला. म्हणाला की अरे, त्या पोकळीतली हवा हाच तर त्याचा माल आहे. मला पटेना. मग मी शंकू डब्यातून सोडवून नुसताच टेबलावर ठेवला. थरथर एवढी की खडूचे तुकडे खाली पडले, पण खोल आवाज म्हणशील तर औषधालाही नाही. इथून माझं डोकं फिरलं. कामधंदा सोडून याच्या मागे लागलो.

तर ऐक. शंकूच्या मागे लोहचुंबक असतो आणि तारेचं वेटोळं. वीज उलटसुलट वाहते तसा शंकू पुढे-मागे होतो, जाड आवाजाला सेकंदात तीस-चाळीस वेळा. तो पुढे आला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. डबा नसला तर पुढची दाबलेली हवा कडेने वळून मागचा खड्डा भरून टाकते आणि हिशोब जागच्या जागी मिटतो. (आई खिडकी उघडायची आणि आत्या लगेच लावायची, आठवतं? दोघींची दमछाक, वारा कोणालाच नाही.) डबा मागची हवा कोंडून धरतो, म्हणून पुढचीला बाहेर पडता येतं. शिवाय कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी शंकूला सांभाळते. सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने दाबून दट्ट्या ढकल, म्हणजे कळेल. मी त्या स्प्रिंगच्या जागी गादी भरली होती! मूठमूठ करून कापूस काढत गेलो तसा डबा बोलू लागला. मात्र शेवटचे थोडे पुंजके राहू दिले, तेव्हा आवाज आणखी खोल झाला. म्हणजे कापूस अगदीच चुकीचा नव्हता. हे शॉर्टसर्किटला मी रोज ऐकवतो.

पुढचा प्रश्न, ही हवा जाते कुठे? मला वाटलं वारा सुटत असणार. तो डोळ्यांनी दिसावा म्हणून तुझ्या भावजयीची पावडर शंकूत ओतली, डिकीत डोकं घातलं आणि बटण दाबलं. पावडर कुठे गेली ते सांगायला नको. दारात आलेलं गिऱ्हाईक माझा पांढराफटक चेहरा पाहून कोण गेलं म्हणून विचारू लागलं. भावजय अजून धड बोलत नाही. मग दोऱ्याला कापसाचा पुंजका बांधून समोर धरला, तर तो कुठेच गेला नाही, तिथल्या तिथे नाचत राहिला. म्हणजे हवा प्रवास करतच नाही, ताई. प्रवास करतो तो नुसता धक्का. रांगेत मागचा ढकलतो आणि पहिल्याचं नाक खिडकीवर आपटतं, पण माणसं आपापल्या जागीच, तसं. आणि जाड आवाजाची लाट एवढी लांब असते की गाडीत मावतच नाही. त्यामुळे दारं लावली की आतली सगळी हवा एकदम दाबली जाते, एकदम सैल होते. मी चिकटवलेलं छताचं कापड झोपलेल्या माणसाच्या पोटासारखं वरखाली होत होतं. मी शॉर्टसर्किटला म्हणालो, याला कान लागतच नाहीत, अंगालाच कळतं. म्हणालो आणि तसाच आप्पांकडे धावलो.

आप्पांना हाताला धरून आणलं, मागच्या सीटवर बसवलं, दारं लावली. कव्हर तपासायला बोलावलंय असं समजून त्यांनी सीटवर तळहात ठेवला. मी डबा चालू केला. ते दचकले, हात उचलला, परत ठेवला, डोळे मिटले. आणि मग इतक्या महिन्यांनी आपले आप्पा बोलले.

"डावीकडची शिवण उसवतेय."

ताई, मला एवढा आनंद झाला की मी भांडायलाच लागलो, ती शिवण माझ्या हातची आहे, उसवेलच कशी! (उसवली होती.) तेव्हापासून रोज सकाळी गाडीत जाऊन बसतात, गुडघ्यावर बोटांनी ठेका धरतात, ढोलकीवाला घाई करतो म्हणून शिव्या घालतात. घरात पुन्हा माणूस असल्यासारखं वाटतंय.

बाकी क्षेम. भावोजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. – खरी गोष्ट राहिलीच. आज सकाळी आप्पांनी माझ्या फोनवरचा तुझा फोटो दाखवला आणि डब्याकडे बोट केलं. तू पाठवतेस ते बोलके निरोप मी एकामागून एक लावले, आवाज पार शेवटापर्यंत चढवून. पण तो डबा फक्त जाड आवाज घेतो, वरचे सगळे गाळून टाकतो, आणि तुझा आवाज पहिल्यापासून पातळ. शंकू जागचा हलला नाही. आप्पा सीटवर हात ठेवून सगळे निरोप संपेपर्यंत बसून राहिले. मग मला विचारलं, "ती बोलत का नाही?"

ता. क. २ – एवढं सगळं पाटीवर कसं समजावणार? मी लिहून टाकलं, 'ती येऊन बोलणार आहे.' कधी ते लिहिलं नाही, आणि त्यांनी आजच असं धरलंय. इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या सीटवर बसलेत, पट्टासुद्धा लावलाय, आणि मी बाहेर येत नाही म्हणून हॉर्न दाबून धरलाय. त्यांना तो ऐकू येत नाही, त्यामुळे हात काही उचलत नाहीत. सगळी गल्ली गोळा झालीय. कोणाला आणायला निघालात म्हणून विचारतायत. ताई येतेय, असं मी सांगून टाकलंय.