ठिपका रेषेवर

सोमवार, ४

माझा प्रोग्राम चालला! मी सूर लावला आणि पापणी लवायच्या आत पडद्यावरचा ठिपका सरकून योग्य रेषेवर बसला. एक रेषा म्हणजे कीबोर्डची एक पट्टी. गाता गाताच दिसणार, सूर कुठे लागलाय ते. शुक्रवारी कंपनीच्या मोठ्या बाईंना दाखवायचं. पसंत पडलं तर नोकरी कायम. नाही पडलं तर — नको तो विचार.

मंगळवार, ५

आईला माइकसमोर बसवलं. सूतगिरणीच्या आवाजाने तिचे कान अधू झाले, तरी ती गायची. मग एकदा कीबोर्डवर साथ करताना दादा म्हणाला, "आई, राहू दे. तू बेसूर झालीस." तेव्हापासून बंद. आज माझ्या कामाचं म्हणून तयार झाली. "तुझं मशीन हसणार नाही ना गं?"

हसलं नाही, पण पिसाटलं! ठिपका मध्येच एक अख्खं सप्तक वर, पुन्हा खाली. आई म्हणाली, "बघ. दादा खोटं नव्हता बोलत." आणि उठून गेली.

पण दर सुराला अशी सप्तकभर उडी कुणी मारत नाही. चूक माझीच असणार.

बुधवार, ६

ऑफिसात शेजारच्या टेबलावरचा चष्मेवाला म्हणतो, "बाकी सगळे आवाज पास झालेत ना? हा एक वगळ की! कोण विचारतंय?"

मी विचारतेय.

गुरुवार, ७

सापडलं!! आवाजाची लाट थोड्या थोड्या वेळाने स्वतःसारखीच पुन्हा येते. तो वेळ मोजला की सूर कळतो. आईच्या आवाजात मात्र निम्म्या वाटेवरच जवळपास तसाच आकार दिसतो — आणि प्रोग्राम तिथेच "आली, आली!" म्हणून मोकळा! वेळ निम्मा धरला की सूर सप्तकभर वर.

चष्मेवाला खो खो हसला. "तुझ्यावरच गेलाय! प्रश्न संपायच्या आत उत्तर."

प्रोग्रामला थांबायला शिकवलं. जुळल्यासारखं वाटलं तरी पुढचं बघ, मग बोल. आईचं मंगळवारचं रेकॉर्डिंग लावलं. एकही उडी नाही! विश्वास बसेना म्हणून पुन्हा लावलं. नाहीच!

शुक्रवार, ८

मोठ्या बाई स्वतःच गायल्या! ठिपका रेषेखाली घसरत राहिला. मग बाईच हसल्या — "तोंडदेखलं बोलत नाही हे. छान!"

नोकरी कायम! आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. आज पहिल्यांदा वाटलं, तिथे चुकून नव्हते गेले.

शनिवार, ९

आईला पुन्हा बसवलं. तिचं जुनंच गाणं, जुन्याच पट्टीत — काळी एक. ठिपका काळी एकवर, खिळा ठोकल्यासारखा.

"कसं शक्य आहे?" म्हणत दादाने कीबोर्डवर काळी एक दाबली. ठिपका शेजारच्या पांढरी दोनवर! पुन्हा दाबली. पांढरी दोन! दादाने आईला थांबवलं त्याआधीच कधीतरी पट्टी बदलायच्या बटणाला कुणाचं बोट लागून कीबोर्डच एक पट्टी वर चढून बसलाय.

"तुझा प्रोग्राम चुकतोय," दादा म्हणाला.

"नाही," मी म्हणाले. पुन्हा तपासून बघावंसंही वाटलं नाही.

दादा बटण शोधत बसला. आईला यातलं काहीच ऐकू गेलं नव्हतं. तिची नजर ठिपक्यावर होती, आणि ती पुढचं कडवं गात होती.