कमावणाऱ्याचं ताट

आई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ताटं मी तुमच्याच रीतीने वाढते. आधी देवाचा नैवेद्य, मग कमावणाऱ्याचं ताट, मग मुलं, शेवटी बायका. मुलगा भुकेने रडत होता म्हणून एकदा मी त्याला आधी वाढलं, तर तुम्ही आवाज न चढवता म्हणालात, "राबून आलेल्याच्या आधी घरात कुणी जेवत नाही, सूनबाई." तोच मुलगा पुढे इंजिनियर झाला आणि मला इथे टोरांटोजवळ ओकव्हिलला घेऊन आला.

इथल्या लायब्ररीत मी इंग्रजीच्या वर्गाला जाते, फुकट असतो. परवा बाई अमेरिकेकडच्या म्हणी शिकवत होत्या. एखादी गोष्ट अस्सल त्यांच्या मातीतली असेल तर ती ॲपल पाय या त्यांच्या गोड पदार्थासारखी, आणि घर पोसणारा माणूस बेकन, म्हणजे डुकराचं मांस, घरी आणतो. मी म्हटलं, आमच्याकडे अंडंसुद्धा येत नाही. बाई हसल्या, "मग नुसता पगार आणा." मला त्यात नवल वाटलं नाही. माणसाची किंमत त्यांनीही जेवणावरच ठरवली, आपल्यासारखी.

मुलाचा हिवाळ्यात ले-ऑफ झाला. दिवसभर बेसमेंटमध्ये बसून तो नोकऱ्यांना अप्लाय करतो. सून सकाळी 'गो' नावाच्या लोकल ट्रेनने टोरांटोला नोकरीला जाते. तरी मी त्यालाच आधी वाढत होते. ही रीत मोडली तर तो खचेल, असं वाटायचं. पण तो जेवायला वर येईनासा झाला. हाक मारली की, "नंतर जेवतो, आई."

काल त्याला मुद्दाम वर बोलावलं आणि हसेल म्हणून ती बेकनची म्हण सांगितली. तो हसला नाही. समोरचं ताट उचलून त्याने बायकोपुढे सरकवलं. "बेकन आता ही आणते. तू मला आधी वाढतेस ना, घास उतरत नाही."

सून म्हणाली, "ड्रामा नको रे, जेव. आणि आई, मला एवढा भात नको, लंच उशिरा झालाय."

मी तिचा भात कमी केला आणि ताट तिच्यापुढेच राहू दिलं. मग त्याचं वाढलं. तो पोटभर जेवला.

आज पोळ्या त्यानेच केल्या, कडा जाड. नैवेद्य झाल्यावर तव्यावरची पहिली पोळी त्याने माझ्या हातात दिली. मी ती उभ्यानेच खाल्ली. हे पत्र तुमच्या फोटोपुढे ठेवणार होते, पण आता नुसतं पत्र ठेवायला मन होत नाही. गरम पोळी तुमच्याही वाट्याला कधी आली नव्हती, हे मला ती संपल्यावर आठवलं.