लांब पांढऱ्या बाह्या

म्युनिक, १४ नोव्हेंबर १९६१, संध्याकाळ

मिनूला आणायला वरच्या मजल्यावर चेनबाईंकडे गेले, तर पोरगी लांबच लांब पांढऱ्या बाह्या घालून नाचत होती. बाई तिला चिनी नाच शिकवतात. बाही हवेत उडायची, परत मनगटावर गोळा व्हायची, आणि मिनू खिदळायची. पोटात दुखलं माझ्या. मी फुगडी शिकवायला गेले तेव्हा जर्मनमध्ये "नाइन, मामा", म्हणजे नको आई, म्हणून पळाली होती! बाह्यासुद्धा बाईंनीच शिवलेल्या. मी नसत्या शिवल्या?

घरी आल्यावर स्वयंपाकघरात कोणी नाहीसं बघून पदर तसाच भिरकावून पाहिला. सरळ वरणाच्या पातेल्यात! मागून मिनू म्हणाली, "आई, मनगटातून." आणि माझा हात धरला. अगदी चेनबाई तिचा धरतात तसा.