डार्ला स्टॅम्पर, हजर

प्रिय आई,

पत्र पुढे वाचण्याआधी खुर्चीत बस. उभ्याने वाचू नकोस. आणि वाचून झालं की लगेच फोन उचलून "बरी आहेस ना, इकडे रस्त्यावर बर्फ साचलाय" असलं काही सुरू करू नकोस. फोनवर तू मला हवामानाखेरीज काही सांगत नाहीस, म्हणून तर पन्नास मिनिटांवर राहत असून मी तुला पोस्टाने पत्र पाठवतेय. चार दिवस झाले, माझं डोकं ठिकाणावर नाही. काल ड्यूटीवर एका म्हाताऱ्याचा रक्तदाब दोनदा मोजला आणि दोन्ही वेळा आकडा विसरले. आमचा ड्रायव्हर म्हणाला, "बाई, त्यांना उतरवू आणि तुलाच स्ट्रेचरवर घेऊ का?"

मेडिकल कॉलेजला यंदा मी तिसऱ्यांदा अर्ज केलाय. आधीचे दोन्ही नकार तुला पाठ आहेत, कारण दोन्ही वेळा थँक्सगिव्हिंगच्या जेवणावर तू सगळ्यांसमोर माझी बिनपाण्याने केलीस. "एक्केचाळिसाव्या वर्षी लोक गुडघे बदलून घेतात, आणि आमच्या बाईसाहेबांना ते बदलायला शिकायचंय!" सगळे खो खो हसले. मीही हसले आणि ताटातली टर्की तशीच टाकून भांडी घासायला उठले. चौदा वर्षं मी अँब्युलन्सवर काढली, हायवेच्या कडेला दोन बाळंतपणं केली, पण कॉलेजवाले आधी मार्क बघतात, आणि माझ्या मार्कांची तऱ्हा काय सांगू! पंचविशीनंतर नोकरी सांभाळून शिकले, केमिस्ट्रीत आपटले, मग काठावर सुटले. सगळी सरासरी काढली की त्यांच्या उंबरठ्याला मी जेमतेम टेकते. त्याच्या जरा खाली गेले तर माझा अर्ज कुणी उघडूनसुद्धा बघणार नाही.

अशात अर्जांच्या कचेरीतून पत्र आलं. तुम्ही एक कॉलेज लपवलं आहे, पुढच्या शुक्रवारपर्यंत लेखी खुलासा करा. त्यांचा नियमच तसा आहे. जन्मात ज्या ज्या कॉलेजात नाव घातलं असेल ते सांगायचं, तिथले मार्क पाठवायचे, आणि नापास झालेला विषय पुढे सोडवलात तरी जुनं नापास पुसत नाहीत, दोन्ही धरतात. मी काही लपवलं नव्हतं गं. मी साफ विसरले होते. अठराव्या वर्षी तू मला आपल्या काउंटीच्या त्या चिमुकल्या कॉलेजात घातलंस आणि अकराव्या दिवशी मी बॉइडच्या प्रेमापायी त्याच्या पिकअपमध्ये बसून फ्लोरिडाला पळाले. अकरा दिवसांना कुणी कॉलेज म्हणतं का? मागच्या दोन अर्जांत कुणाच्या ते लक्षातही आलं नव्हतं.

म्हटलं, त्या कॉलेजात जाऊन मार्कांचा कागद घेऊन येऊ, त्यावर गैरहजर लिहिलेलं असेल, विषय संपला. खिडकीतल्या बाईंनी कागद सरकवला आणि मी तो दोनदा वाचला. माझं नाव, माझी जन्मतारीख, आणि खाली एक नाही, तीन सत्रं. सत्त्याण्णवचं शरद सत्र, जीवशास्त्र, नापास. अठ्ठ्याण्णवचा वसंत, पुन्हा जीवशास्त्र, पुन्हा नापास. अठ्ठ्याण्णवचा शरद, तिसऱ्यांदा जीवशास्त्र, आणि पुढे बी ग्रेड, म्हणजे चांगली पास. आई गं! त्या सगळ्या काळात मी फ्लोरिडात, टॅम्पाला कोळंबी तळत होते. बाईंना म्हटलं, तुमची काहीतरी गफलत झालीय. त्या म्हणाल्या, "गफलत असेल तर सरांना विचारा. पेटिबोन सर अजून शिकवतात, वरच्या मजल्यावर आहेत."

मी तरातरा वर गेले. सर आता पिकून पांढरे झालेत. म्हटलं, मी डार्ला स्टॅम्पर, मला तुमच्या वर्गाबद्दल विचारायचंय. त्यांनी चष्मा वर करून माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "नाही बाई, तुम्ही डार्ला नाही. डार्ला आता साठीला आली असेल." ते आपले बोलत राहिले. डार्ला हॉस्पिटलच्या निळ्या एप्रनमध्ये यायची, पहिल्या बाकावर बसायची, ब्लीचने हात फुटलेले असायचे, आणि हजेरी घेताना तिचं "हजर" एवढं मोठं असायचं की मागची पोरं दचकायची. बेडूक कापायच्या दिवशी निम्मा वर्ग बाहेर पळाला, ही मात्र बाह्या सरसावून पुढे आली आणि म्हणाली, "याहून वाईट मी चादरींवरून धुऊन काढलंय."

आई, हे वाक्य या अख्ख्या वेस्ट व्हर्जिनियात दुसरं कोण बोलणार? मी तिथल्याच एका बाकावर बसले. सरांनी पाणी आणलं, विचारलं, कोण तुमची ती? मी म्हटलं, आई. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "दुसऱ्यांदा नापास झाली तेव्हा मीच तिला सांगितलं होतं, हे तुझ्याच्याने व्हायचं नाही, कशाला जीव काढतेस. तिने ऐकलं नाही."

खरं सांगते, पार्किंगमध्ये गाडीत येऊन बसले आणि पहिल्यांदा मला तुझा भयंकर राग आला. माझ्या नावावर दोन नापास! माझे मी काय कमी मिळवले होते? मी एकटीच स्टिअरिंगवर हात आपटून ओरडले, कुणी बघितलं असतं तर अँब्युलन्स बोलावली असती. मग हळूहळू एकेक गोष्ट जुळत गेली. तुझी शाळा नववीत सुटली, माझ्यामुळे सुटली, तेव्हा तुला तुझ्या नावाने तिथे कोण घेणार होतं? माझं नाव घातलेलं होतं, जागा रिकामी होती, आणि तू दुपारपर्यंत वर्गात बसून मग हॉस्पिटलच्या लाँड्रीत कामाला जायचीस. कुणाला चकार शब्द नाही. फ्लोरिडाहून मी महिन्यातून एकदा फोन करायचे तेव्हा तू म्हणायचीस, "सगळं तसंच आहे."

आणि नव्व्याण्णवच्या जानेवारीत बॉइडने बाहेर काढल्यावर मी एक बॅग घेऊन दारात उभी राहिले. तू एका शब्दाने काही विचारलं नाहीस, ताटात पिंटो बीन्स वाढलेस आणि कॉर्नब्रेडचा कोपऱ्यातला खरपूस तुकडा दिलास. तेव्हा फ्रिजवर एक चित्र लावलेलं होतं, पेन्सिलीने काढलेलं. मी विचारलं, हे काय? तू म्हणालीस, "तळलेलं अंडं," आणि चित्र काढून कोळशाच्या शेगडीत टाकलंस. ते अंडं नव्हतं, आई. ती पेशी होती. मला त्या दिवशी गाडीत बसल्यावर कळलं. नावाची खरी मालकीण घरी परत आली आणि तू कॉलेजला जाणं बंद केलंस. बी मिळाल्यानंतर बंद केलंस! मी दोन महिने सोफ्यावर लोळून टीव्ही बघितला आणि तू माझी उशी झटकून देत होतीस. मला स्वतःची इतकी लाज याआधी कधीच वाटली नव्हती.

आता कामाचं. "हे मार्क माझे नाहीत" असं सही करून दिलं की ते तिन्ही सत्रं खोडणार. मग मी पूर्वीइतकीच उंबरठ्यावर राहते, यंदा निदान मुलाखतीची आशा राहते. मी खिडकीतल्या बाईंना विचारलं, खोडल्यावर तो बी कुणाच्या नावावर जाईल? म्हणाल्या, "कुणाच्याच नाही. त्या तर आमच्याकडे कधी नव्हत्याच." आणि हळूच सुचवलं, खुलाशात आमच्या कॉलेजची चूक झाली असं लिहा, आम्ही काही बोलणार नाही. ते मी लिहिणार नाही. लिहिलं तर खरं ते लिहीन, की ती सत्रं माझ्या आईने शिकली, दोनदा पडली आणि तिसऱ्यांदा तिने बी मिळवला. तुला कुणी काही करणार नाही, तेही मी विचारून घेतलंय. पण तू हो म्हटल्याशिवाय तुझं नाव मी कुठे घालणार नाही. नाही म्हणालीस तर सही करत नाही, ते दोन नापास माझ्या गळ्यात घेते आणि यंदाचाही अर्ज गेला असं समजते. रुसणार नाही, शपथ.

पण हो की नाही एवढंच हवं असतं तर चार ओळी पुरल्या असत्या. हे सगळं लिहायचं कारण वेगळं आहे. तू पहिल्यांदा का गेलीस ते मला कळतं, मी सोडून गेलेली जागा तुला रिकामी बघवली नसेल. दुसऱ्यांदा गेलीस, तेही कळतं, आपल्या घरात हट्टाला तोटा नाही. पण दोनदा पडल्यावर, सरांनी तोंडावर "तुझ्याच्याने व्हायचं नाही" म्हटल्यावर, मुलीचं नाव लावून, तिसऱ्यांदा त्या दारातून आत जाताना तू स्वतःला काय सांगितलंस? खुलाशात घालायला नकोय ते मला. मलाही दोनदा नको म्हणालेत. यंदा मुलाखतीचं बोलावणं आलंच तर त्या दारापर्यंत जायलासुद्धा मी घाबरलेय, इतकी की कुणाला सांगायची सोय नाही, आणि तिसऱ्यांदा गेलेलं माणूस माझ्या ओळखीत तू एकटीच आहेस.

तुझीच,
डार्ला