घरच्या माणसाचा कप

८ नोव्हेंबर १९५९, रविवार

गेला! मी इंजिनाला तेल द्यायला गेलो तेवढ्यात निघून गेला. त्याची आई रुखमा म्हणते, "सांगूनच गेला ना तुमाले." सांगितले होते खरे. पण मी "जाऊ नको" म्हटले होते. माझ्या घरात बापाने "जाऊ नको" म्हटल्यावर पोरगा जात नसतो. आजवर तरी जात नव्हता.

यवतमाळला, मोठ्या कंपनीच्या जिनात. तिकडे म्हणे कापसातून सरकी काढणाऱ्या रेच्यांची रांगच्या रांग, पुढे गाठींचे प्रेस, वीज, भोंगा! इथे दारव्ह्यात किसनरावांच्या जिनात चार रेचे आणि एक म्हातारे इंजिन. ते इंजिन माझ्यामागून धर्मपालने सांभाळायचे, असे ठरलेले होते. किसनरावांना मी शब्द दिलेला आहे. उद्या कापसाच्या गाड्या लागतील. कोणते तोंड घेऊन जाऊ?



९ नोव्हेंबर

किसनराव रागावले नाहीत. तेच जास्त लागले. "बळीराम, तू आमच्या घरचा मानूस. घरच्या मानसानं असं करावं काय?" — एवढेच बोलले.

वच्छलाबाईंनी आज गड्याच्या हाती चहा पाठवला नाही, स्वतः येऊन ओतला. मालकीणबाईंनी! प्यालो, माझा कान तुटका कप विसळला, माझ्या कोनाड्यात पालथा घातला. मग इंजिनामागे जाऊन मनातल्या मनात धर्मपालच्या दोन कानाखाली दिल्या.

१२ नोव्हेंबर

मोठ्या ठिकाणी माणूस मेला तरी कळत नाही म्हणतात. दिवसभर हेच डोक्यात.

१५ नोव्हेंबर, रविवार

धर्मपाल सुटीचा आला होता. सदऱ्याला पितळी बिल्ला. त्यावर आकडा.

मी विचारले, "काय म्हनून हाक मारतेत तुले?"

"नंबरानं."

"कैद्यासारखं?"

"धर्म्यापक्षा बरं हाय."

उलटून बोलला! किसनरावांच्या जिनात त्याला सगळे धर्म्या म्हणतात. किसनरावांचा एवढासा नातूही म्हणतो. पण तो लाडाने म्हणतो. तेवढ्यासाठी कोणी जिन सोडते?

मग मी पण सोडले नाही. म्हटले, "तुही माय तापानं फनफनली होती, तवा बैलाची दमनी कोनं जुपून देल्ली? किसनरावनं! तुह्या कंपनीचा भोंगा धावत आला असता काय?" यावर गप्प बसेल असे वाटले. पाटावर बसून भाकरी मोडत होता. न बघता म्हणाला, "दमनी देल्ली, खरं हाय. वापस आल्यावर मलेच धुवाले लावली. चाकापासून छपरापोत. तुमी दवाखान्यात मायपाशी होते."

हे मला माहीत नव्हते. रुखमालाही नव्हते. ती चुलीकडे तोंड करून बसली.

मी ओरडलो, "गाडी धुतली त काय झालं! गाड्या धुतच असतेत!"

भाकरी अर्धी टाकून उठला. गाडीला वेळ होता, तरी स्टेशनवर जाऊन बसला. बसू दे!

१८ नोव्हेंबर

कंपनीच्या जिनात कोणाची तरी बोटे रेच्यात गेली, असे बाजारात ऐकले. कोणाची, ते कोणाला माहीत नाही! नाव नाही, गाव नाही. "एक कामगार." रुखमाला सांगितले नाही. जेवण गेले नाही.

१९ नोव्हेंबर

इंजिनाचा पट्टा तुटला. किसनराव म्हणाले, "यवतमाळले जाऊन नवा घेऊन ये. आन् पोराले बी घेऊनच ये. बापाचा शब्द मोडत नाही तो." उद्या सकाळच्या गाडीने निघतो. देव मानायचे सोडून तीन वर्षे झाली, नाहीतर आज कोणाला तरी नारळ बोललो असतो.

२० नोव्हेंबर



कंपनीच्या फाटकावर पहारेकऱ्याने अडवले. "नंबर बोला." मी म्हटले, धर्मपाल. "धर्मपाल कोन? नंबर सांगा, बुढेबा." मी म्हटले, बळीरामचा पोरगा, दारव्ह्याचा, उंच आहे, बोलतो कमी. पहारेकरी हसला. भर उन्हात फाटकाबाहेर उभा! किसनरावांच्या जिनात कुत्रेसुद्धा मला ओळखते.

शेवटी आतून एक जण आला. फुलसिंग, राळेगावकडच्या तांड्याचा, धर्मपालच्या शेजारच्या रेच्यावर असतो. "धर्मपालभाऊचे बाबा ना तुमी? नाक तेच हाय!" म्हणाला आणि आत घेऊन गेला. धर्मपालची बोटे आधी पाहिली. सगळी होती. मग मात्र राग आला, की याच्यासाठी मी दोन दिवस उपाशी!

जेवणाची सुटी होती. कँटीनमध्ये लांब बाकावर सगळे एका रांगेत. धर्मपाल मधोमध, एकीकडे फुलसिंग, दुसरीकडे कपाळाला गंध लावलेला एक जण. हसत होते. आमच्या घरी तो एवढा हसत नाही. मला चहा दिला, पांढरा शुभ्र कप, कान शाबूत. परत चल हा विषय कसा काढावा, याची मनात जुळवाजुळव करत प्यालो.

प्यालो आणि उठलो. नळावर गेलो. कप विसळला. कोनाडा शोधू लागलो. कोनाडा नव्हता, म्हणून भिंतीच्या कडेवर पालथा घातला, इतरांपासून बाजूला.

चहावाला म्हणाला, "ओ बुढेबा, कप कायले धुता? मानूस हाय ना धुवाले. ठेवा इकडं सगळ्याइच्यात."

 गंधवाल्याने पालथ्या कपाकडे पाहिले, मग धर्मपालकडे पाहिले. आपला अर्धा चहा खाली ठेवला आणि उठून गेला.

धर्मपाल एवढेच म्हणाला, "काहून धुतला, बाबा?"

परत चल म्हणायचे राहूनच गेले.

२१ नोव्हेंबर

काल गाडीत सगळ्यांना शिव्या दिल्या. चहावाल्याला, पहारेकऱ्याला, त्या गंधवाल्याला. एवढी मोठी कंपनी आणि भिंतीत एक कोनाडा नाही! आणि कप काय घाण ठेवायचा असतो? आयुष्यभर धुतला. हाताला विचारून का धुतो माणूस? हात आपला आपण जातो.

पट्टा आणला, तोही आखूड निघाला.

२२ नोव्हेंबर, रविवार

धर्मपाल आला नाही.

२३ नोव्हेंबर

काढले असेल. माझ्या पायी काढले असेल. नाहीतर वेगळे बसवले असेल. रुखमा विचारते, "तिकडं झालं तरी काय?" मी तिच्यावरच खेकसलो.

किसनरावांना फक्त "येत नाही म्हणतो" एवढे सांगितले. ते म्हणाले, "येईन, येईन. मोठ्या ठिकानी मानसाचं कोनी नसते. इथं त्याची जागा हाय." ऐकून बरे वाटले. बरे वाटले म्हणून लगेच स्वतःचाच राग आला. पोरगा पडावा, म्हणजे आपला शब्द राहील — असा बाप?

२९ नोव्हेंबर, रविवार

आजही नाही. फाटकावर जाऊन विचारावे, तर नंबर माहीत नाही! बिल्ला समोर होता तेव्हा रागाच्या भरात नीट पाहिलाही नाही.

६ डिसेंबर, रविवार

आज बाबासाहेबांना जाऊन तीन वर्षे झाली. वस्तीत सभा होती. धर्मपाल आला, फुलसिंगला घेऊन. नोकरी शाबूत. मला रडू यायला लागले, म्हणून मी ओरडलो, "दोन रविवार कुठं मेलता?"

"जादा काम होतं," म्हणाला. खोटे असेल, खरे असेल.

पुढचे फुलसिंगने सांगितले. तो गंधवाला साहेबाकडे गेला म्हणे, मला दुसऱ्या बाजूला बसवा म्हणून. साहेब म्हणाला, "रेचा सोडून आला? नंबर काय तुझा?" आणि त्याची अर्ध्या दिवसाची गैरहजेरी लावली! फुलसिंग सांगताना लोळायचा बाकी होता. रुखमा पण पदरात हसली.

"आता दोघं-तिघं घरून लोटा आनतेत," धर्मपाल म्हणाला. "आनू द्या. नळ एकच हाय. लोटा सरला का येतेतच."

"म्हंजे कंपनी लय भली!" मी म्हटले.

"भली कायची? बोटं गेली त्याले दुसऱ्या दिवशी फाटकाबाहेर केलं. आमी कंपनीचे कोनीच नाही, बाबा. मी नाही, तो गंधवाला बी नाही. म्हनून तर एका बाकावर बसतो."

"आन् किसनराव आपल्याले घरचं म्हनते!"

तेव्हा त्याने विचारले. चिडून नाही, अगदी हळू. "त्याइच्या घरात चूल कोन्या बाजूले हाय, बाबा?"

  तरुणपणापासून त्या आवारात आहे. मला ओसरी माहीत आहे, गोठा माहीत आहे, मागचे दार माहीत आहे. ओसरीच्या आत काय आहे, माहीत नाही.

"चालता हो!" म्हटले. तो गेला नाही. सभेच्या वेळी मला हाताला धरून घेऊन गेला.

७ डिसेंबर

वच्छलाबाईंनी चहा आणला. किसनराव तिपाईशी बसून पीत होते. त्यांनी विचारले, "कधी येतो पोरगा?" मी म्हटले, "येत नाही." वरून ओतला तसा प्यालो. उठलो, आणि नळाकडे गेलोच नाही. कान तुटका कप उष्टाच तिपाईवर ठेवला, किसनरावांच्या कपाला लावून.

"बळीराम," किसनराव म्हणाले, "इसरला काय?"

"घरचाच हाय ना, मालक," म्हटले आणि इंजिनाकडे गेलो.

संध्याकाळी घरी निघालो, तेव्हा कप तिथेच होता. दोन्ही तिथेच होते.