निर्व्यसनी रक्ताचा निकाल

एडमंटन,
दिनांक १९ जानेवारी

चिरंजीव बाळ यास थोरल्या भावाकडून आशीर्वाद.

तुझी प्रकृती ठीक असावी, गुडघा पूर्वीपेक्षा बरा वाकत असावा आणि सौ. प्रभाचा रक्तदाब ताब्यात असावा, अशी अपेक्षा करतो. आम्ही सर्व जण येथे उणे एकतीस अंशांत सुखरूप आहोत. तुझे दिवाळीचे पत्र पोहोचले. दोन वर्षे दारूस स्पर्श केलेला नाही असे तू लिहिले आहेस आणि माझ्याशी फोनवर बोलण्याची परवानगी मागितली आहेस. माझ्या नंदनच्या लग्नात तू पिऊन आलास म्हणून मी तुला दंडास धरून मांडवाबाहेर काढले, त्यास सव्वीस वर्षे झाली. तेव्हापासून मी तुझ्याशी बोललो नाही, आणि या पत्रास उत्तर देण्याचाही माझा विचार नव्हता. आजही नाही. प्रस्तुत पत्र हे उत्तर समजू नये. माझ्यावर येथे घोर अन्याय झाला आहे. तो ज्यांना सांगावा ते सर्व लोक या ना त्या प्रकारे त्यात सामील असल्यामुळे नाइलाजाने तुला लिहीत आहे.

नंदनची मुलगी ऋचा येथील विद्यापीठात मेंदूवर संशोधन करते. दारू आणि अमली पदार्थ पोटात गेल्याने मेंदूतील डोपामिन नावाच्या द्रव्याच्या कारभारात काय बिघाड होतो, हा तिच्या बाईंचा विषय. त्यासाठी त्यांना पिणारे म्हातारे हवे होते (ते पाहिजे तितके मिळाले) आणि तुलनेसाठी आयुष्यात कधीही न प्यालेले म्हातारे हवे होते. तसे तीन महिन्यांत चार मिळाले, आणि त्यांतील दोघांना चौकशीअंती आपापल्या लग्नातला पेला आठवला. ऋचा जेवताना ही अडचण सांगत होती, तेव्हा मी चमचा खाली ठेवला आणि म्हणालो की एकोणऐंशी वर्षांचा एक निष्कलंक मेंदू याच टेबलाशी बसला आहे, तो शास्त्राच्या सेवेस हजर आहे. न प्यालेल्यांच्या या गटास ते कंट्रोल म्हणतात. म्हणजे इतरांचे मेंदू किती बिघडले हे माझ्या मेंदूवरून ठरणार होते. ही बातमी मी आमच्या शनिवारच्या भजनी मंडळात सांगितली, दत्तजयंतीच्या कार्यक्रमात ध्वनिक्षेपकावरूनही सांगितली, आणि सोबत व्यसनमुक्तीवर वीस मिनिटे बोललो. (मला पाच मिनिटे दिली होती.)

ठरल्या दिवशी काळा कोट घालून गेलो. एक्केचाळीस प्रश्नांचा तक्ता भरून घेतला. ऋचा मराठीत सांगत गेली आणि मी एक्केचाळीस वेळा 'नाही' असे लिहिले. कोकेनविषयीच्या प्रश्नापुढे 'प्रश्न अपमानास्पद आहे' असा शेराही मारला. मग रक्त घेतले. चौथ्या दिवशी बाईंचा फोन आला की मी त्या गटात बसत नाही. माझ्या रक्तात असे काही सापडले होते की जे दारू शरीरात गेल्याशिवाय तयारच होत नाही, आणि एकदा झाले की कित्येक आठवडे राहते. मी ताबडतोब सांगितले की नळ्यांची अदलाबदल झाली आहे. छत्तीस वर्षे हायस्कुलात शिपाई होतो, परीक्षेच्या गठ्ठ्यांत काय काय होऊ शकते हे मला कोणी शिकवू नये. त्यांनी पुन्हा रक्त घेतले. पुन्हा तोच निकाल. त्या रात्री माझा पोटचा मुलगा नंदन, वय पंचावन्न, जेवण झाल्यावर गुपचूप बेसमेंटमध्ये गेला आणि पाहुण्यांसाठी ठेवलेल्या त्याच्या बाटल्या उजेडात धरून पाहून आला. हे मी जिन्यावरून प्रत्यक्ष पाहिले. ही गोष्ट मी विसरणार नाही.

ऋचाने मग दिवसभरात काय काय पोटात जाते ते एकेक करून विचारले. दूध, भाकरी, वरण, रक्तदाबाची गोळी, आणि दोन्ही जेवणांनंतर द्राक्षासव. ती थांबली आणि इंग्रजीत काहीतरी म्हणाली. द्राक्षासव हे औषध आहे हे तुला सांगावयास नको. सन १९८४ साली वैद्यांनी मला अपचनासाठी ते दोन चमचे लिहून दिले होते. येथे आल्यावर चांगले मिळेना, म्हणून अकरा वर्षांपासून मी ते बेसमेंटमध्ये स्वतः घालतो: मनुका, गूळ, मध, दालचिनी, वेलदोडा, आणि बरणीचे तोंड कापडाने बांधून महिनाभर मुरवणे. आसव मुरविणारी धायटीची फुले येथे मिळत नाहीत, म्हणून तिसऱ्या वर्षापासून त्यांच्या जागी ग्रोसरीतून पाव फुगविण्याचे यीस्ट आणून घालतो. बरणी घर तापविणाऱ्या फर्नेसजवळ ठेवली की लवकर मुरते, हा माझा स्वतःचा शोध. त्याने गुण इतका वाढला की चमच्याने भागेना. वाटी घ्यावी लागली. भजनानंतर सर्वांना प्रसादासारखी अर्धी अर्धी वाटी देण्याची पद्धतही मीच पाडली. पाच जणांचे मंडळ एकोणीस जणांचे झाले आणि आरत्यांचा वेग व उत्साह दोन्ही वाढले. मी याचे श्रेय नामस्मरणास दिले होते.

या औषधावर संशय घेतल्याचे मला सहन झाले नाही. ते शुद्ध असल्याचा लेखी दाखला त्याच विद्यापीठाकडून घ्यावा, या हेतूने एक बाटली भरून पिशवीत घातली आणि कोणास न सांगता एलआरटीने, म्हणजे येथील शहरी रेल्वेने, निघालो. बाहेर इतकी थंडी की पापण्या चिकटत होत्या, आणि डब्यात मात्र हीटर चालू. दोन स्टेशने गेली नाहीत तोच पिशवीत मोठा आवाज होऊन बूच उडाले. फेस माझ्या कोटावर, पिशवीवर, समोरच्या बाकावर. सबंध डब्यात वास पसरला. गणवेशातला एक तरुण आला आणि अत्यंत नम्रपणे (हे अधिक झोंबले) म्हणाला की सर, गाडीत पिण्यास मनाई आहे, आपण कोणा घरच्या माणसाला फोन करू का? मी मेडिसीन, मेडिसीन म्हणालो. तो म्हणाला, येस सर. माझ्या शेजारी फाटक्या जाकिटातला एक मनुष्य झोपलेला होता. तो वासाने जागा झाला, माझ्याकडे व बाटलीकडे पाहून ओळखीचे हसला आणि सरकून मला नीट बसावयास जागा करून दिली. 'गुड स्टफ, ब्रदर,' असे तो म्हणाला. बाळ, एकोणऐंशी वर्षांत कोणी दारुड्याने मला आपल्यातला समजून जागा दिली नव्हती. मी तीन स्टेशने उभा राहून प्रवास केला.

उरलेल्या औषधाची तपासणी झाली. चौदा टक्के. ऋचाच्या बाई म्हणाल्या की ही उत्तम वाइन आहे, आणि त्यांनी कृती मागितली. मी दिली नाही.

त्या दिवशी ऋचाने मला समोर बसवून सर्व समजावून सांगितले. मी विरोध करण्याच्या तयारीने बसलो होतो. ती म्हणाली, आजोबा, तुम्ही शाळेत घंटा द्यायचात ना? मधल्या सुट्टीची घंटा झाली की पोरांच्या तोंडाला पाणी सुटायचे, डबा उघडण्याआधीच. डोपामिन म्हणजे ती घंटा. ते डब्यातला लाडू नव्हे. लाडू येतोय, उठा, पळा, एवढेच ते सांगते. दारू ही घंटा जबरदस्तीने वाजविते, आणि रोज, आणि मोठ्याने. मग वर्गातली मुले कानांत बोटे घालतात. मेंदू घंटा ऐकणारे आपले कान कमी करतो. त्यानंतर साधी घंटा कोणास ऐकू येत नाही. वरणभात, नातवंडे, भजन, सारे तेच असते, पण कोणी उठत नाही. उलट, बाटली नुसती दिसली किंवा तिची वेळ झाली की मात्र घंटा घणघणते. मी तिला सुनावले की माझ्या छत्तीस वर्षांत घंटा कोणी अवेळी वाजविली असती तर मी त्याचा हात धरला असता. ती म्हणाली, 'कोणाचा हात, आजोबा?' मला या मुलीचा अत्यंत राग आहे. ती फार हुशार आहे.

ज्यास व्यसन नाही तो मनुष्य कोणतीही गोष्ट आज्ञेसरशी सोडू शकतो, हे या सर्वांना दाखवून देण्यासाठी मी त्याच क्षणी द्राक्षासव बंद केले. सूनबाई उमाने वरणात मीठ घालण्याचे सोडले आहे असे दुसऱ्या दिवशी माझ्या ध्यानात आले. (नंदन म्हणतो, मीठ आहे.) नातू क्षितिज पियानोवर नेहमी जे वाजवितो त्यात काही अर्थ नसल्याचे तिसऱ्या दिवशी समजले. भजनात सात जण आले, आणि आम्ही सर्व किती बेसूर आहोत हे प्रथमच ऐकू आले. संध्याकाळचे जेवण सहाला होते. सव्वासहा वाजता माझा उजवा हात आपोआप वाटीकडे जातो. वाटी उमाने उचलून ठेवली आहे; तरीही जातो. साडेसहाला मी कोणावर तरी ओरडलेला असतो. ऋचा म्हणते की ते कान पुन्हा उगवायला आठवडे, कधी महिने लागतात आणि सगळे परत येतीलच असे नाही. हे ऐकून मी तिला पुन्हा पुन्हा तेच विचारले, म्हणून तीही रागावली. मी या विद्यापीठावर, या सरकारवर, मनुकांवर आणि १९८४ च्या वैद्यांवर (ते वारले) अत्यंत रागावलेलो आहे. माझे नाव कंट्रोल गटातून काढल्याचे पत्र आले, त्यासोबत दुसऱ्या गटात येण्याचे निमंत्रणही आले आहे. त्यावर मी अद्याप सही केलेली नाही.

येणेप्रमाणे वस्तुस्थिती आहे. प्रकृतीस जपावे. सौ. प्रभास आशीर्वाद सांगावा.

तुझा थोरला बंधू,
भाऊसाहेब

ता. क. - हे पत्र नंदनच्या हाती देऊन ई-मेलने पाठवीत नाही, टपालपेटीत टाकणार आहे, त्यामुळे यास तीन आठवडे लागतील. गावात कोणास दाखवू नये.

ता. क. - एक बाब विचारावयाची राहिली. जेवण झाल्यानंतरचा पहिला अर्धा तास तू कसा काढलास? मला तुझी कहाणी नको, फक्त कृती हवी: बसावे, की चालावे, तोंडात काही धरावे, की कोणाशी बोलावे. मांडवात शंभर माणसांसमोर मी तुला सांगितले होते की मनाचा निश्चय असेल तर ती एका दिवसात सुटते. आज माझा अकरावा दिवस आहे. ते वाक्य मी परत घेतो.

ता. क. - फोन करावयाचा असल्यास येथील सायंकाळी साडेसहाला करावा. तेव्हा तुझ्याकडे सकाळचे सात वाजलेले असतात. फोन मीच उचलीन, इतरांना तसे बजावून ठेवले आहे. कालपासून त्या वेळी मी फोनजवळच बसतो. हे पत्र अजून पेटीत टाकलेले नाही, हे मला ठाऊक आहे.