सत्यशीला-मंजुषा, एक कोयता

१४ ऑक्टोबर, मंगळवार

अंगदमामाच्या थोबाडीत मारायचीय मला. एकदाच – पण अशी की दात पडला पाहिजे!

सकाळीच दारात उभा. मायला म्हणला, "मंजे, चल घरी." मायचा सख्खा भाऊ हा. बारा वर्षं बहीण मेली का जगली, पुसलं न्हाई. आता स्वतःच्या पोरीची सोयरीक जमवायला निघाला, तर पाव्हण्यांनी विचारलं म्हणे – तुमची बहीण बाईसंग नांदती, खरं हाय का?

नांदतीच! मी तीन वर्षांची होते तवा बाप आम्हाला टाकून गेला. त्याच साली माय, आईची मैतरीण, नवऱ्याचा मार खाऊन उमापुरात आली, आमच्या घरी. तवापासून आई आन् माय एका ताटात जेवत्यात, एका अंथरुणात झोपत्यात. आईनं जन्म दिला, मायनं पाठीला बांधून उसाच्या फडात वाढवलं. मला दोन आया हायत. गावात कित्येकांना एक धड न्हाई.

१५ ऑक्टोबर

आईनं मायचे पाय चेपले.

१७ ऑक्टोबर

त्रिंबकअण्णा मुकादम नावं लिहायला आलता. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या, राहायला एक कोपी. आमचं अकरा वर्षं एकच – सत्यशीला-मंजुषा, एक कोयता. पहिल्या साली अण्णा लई हसलता. आई म्हणली, "आधी फडात बघा, मग हसा." पुन्हा हसला न्हाई.

औंदा मी वसतिगृहात राहणार. दहावी. मला रडूच आलं. माय म्हणली, "रडतीस कावून? तू साहेबीण झालीस की आमी दोघी तुझ्या क्वार्टरात पाय पसरून बसू."

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

मामानं तलवाड्याचा एक बिजवर आणलता. मायला दाखवायला! "बघ बे, हात बघ, कामाचे हायत." त्या मेल्यानं मायचे हात बैल पारखावा तसे उलटेपालटे केले. माय त्याच्या तोंडावर थुंकली.

मग मामानं तिच्या झिंज्या धरल्या. ओसरीवरून खाली ओढलं. उजवा हात उंबऱ्यावर धरला आन् टाच मारली. तुराटी मोडल्यासारखा आवाज झाला. "आता तोड ऊस बाईसंग!" आई मधी पडली तर तिच्या पोटात लाथ. सगळी गल्ली दारात उभी – एक मायचा लाल पुढं आला न्हाई. पणत्या तशाच जळत होत्या. मी नुसती किंचाळले. थू माझ्यावर!

२२ ऑक्टोबर

अंबाजोगाईला नेलं. दोन महिने प्लास्टर. ठाण्यात म्हणले, "घरातलं भांडण हाय, घरात मिटवा."

२४ ऑक्टोबर

अण्णा म्हणला, "अर्धा कोयता मी नेत न्हाई, सत्यशीला. दुसरी जोडी बघ." आई म्हणली, "जोडी हाय मला. हात मोडलाय तिचा, मेली न्हाई ती."

अण्णा गेल्यापासून माय अंगणात डाव्या हातानं कोयता चालवती. एरंडाचं एक खोड तोडायला सहा घाव. घामाघूम झालती. येणारा-जाणारा बघत होता. मी म्हणलं राहू दे. "सरक गं!" म्हणली.

२७ ऑक्टोबर

मामाचा सांगावा आला – परवा जीप आणतो, मंजीला बांधून नेतो.

आईनं दोन्ही कोयते कानशीनं घासले. अण्णा परवाच गेवराईत भेटणार, म्हणून पहाटेच ती तिकडं जाणार, त्याच्या हातापाया पडायला. एकदा त्या दोघी फडावर गेल्या की मामाचा बाप बी येत न्हाई मागं. "दार लाव आन् मायपाशी बस," मला म्हणली.

२९ ऑक्टोबर

मामा आला. लाथेनं कडी तोडली. दोरी होती हातात. मायचा प्लास्टरचा हात धरून फरफटवत होता – ती ओरडत होती. मग रक्त. लई रक्त.

मामा दवाखान्यात हाय. कोयता खांद्यात खोल गेलाय. वाचंल म्हणतेत. माय ठाण्यात. संध्याकाळी आई गेवराईहून उतरली ती घरी न येता तिकडंच गेली. पुढचं लिहवत न्हाई.

३० ऑक्टोबर

डबा घेऊन गेलते. माय सांगती, "मी मारला, डाव्या हातानं. गल्लीला विचारा, रोज हात बसवत होते." आई सांगती, "तिच्यात कुठलं बळ? मी मारला." आन् ती तर गेवराईला होती! साहेब वैतागला. "एकीनं तरी खरं बोला बायांनो!"

दोघी माझ्याकडं बघंनात. निघताना माय म्हणली, "जा. अभ्यास कर."

३१ ऑक्टोबर

दोघी खोटं बोलत्यात. कोयता मी मारला. ही वही साहेबापुढं ठेवायला निघाले – माझ्या दोन्ही आया मला घरी पाहिजेत.